नको असलेले राज्य



राज्य नको म्हणणारा राजा कथेत आला की वाचक लगेच त्याच्या बाजूचा होतो. सत्तेसाठी हपापलेली माणसे आपण इतकी पाहिलेली असतात, की जो हात मागे घेतो तो आपोआप सज्जन वाटू लागतो. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, की चांगली माणसे राज्य पत्करतात ती आपल्याहून हीन माणसाच्या हाताखाली राहण्याची शिक्षा टळावी म्हणून. हे खरेच आहे. पण नुसती अनिच्छा ही पात्रता नव्हे, असे मला आज मांडायचे आहे. सत्तेपायी आपल्या हातून पाप घडेल ही भीती वेगळी आणि राज्यकारभाराचा कंटाळा वेगळा. वरून दोन्ही सारखेच दिसतात; मोठ्या लेखकांनी मात्र त्यांची गल्लत होऊ दिलेली नाही.

शांतिपर्वात भीष्म पहिल्या राजाची कथा सांगतात. बळी तो कान पिळी असे झाल्यावर लोक ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्याने मनूला पुढे केले. मनू तयार होईना. राज्य करणे हे महाकठीण काम, त्यातून माणसे खोटे वागणारी. मला पापाची भीती वाटते, असे त्याने सरळ सांगितले. तेव्हा लोकांनी बोलणी केली: पाप ज्याचे त्याला लागेल, पशू आणि सोने यांचा 50वा भाग तुझा, धान्याचा 10वा भाग तुझा, आणि तू रक्षण केलेल्या प्रजेच्या पुण्याचा चौथा हिस्साही तुझा. कर किती, कशासाठी, पापाचा धनी कोण, हे सारे मनूच्या नकारामुळे ठरले. राज्यासाठी आसुसलेल्या माणसाने यातला एकही प्रश्न उपस्थित होऊ दिला नसता. भीष्म ही कथा ऐकवतात तीही युधिष्ठिराला. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्यावर सगळे सोडून वनात जायला निघालेल्या माणसाला. यावर कोणी विचारील, अठरा अक्षौहिणी सैन्य रणात पडल्यावर ही विरक्ती कसली? आक्षेप रास्त आहे, आणि महाभारताने तो लपवलेला नाही. भीम आणि अर्जुन त्याला धारेवर धरतात. द्रौपदी तर म्हणते, की तुझे भाऊ शहाणे असते तर त्यांनी तुला बांधून ठेवून स्वतः राज्य केले असते. युधिष्ठिराची विरक्ती उशिरा आली हे मान्यच करावे लागते. परंतु राज्याभिषेकानंतर तो गप्प बसत नाही, शरशय्येवरच्या भीष्मांना विचारत राहतो: कर कसा घ्यावा, दंड कोणाला करावा, संकटकाळी धर्म कोणता. सत्तेची धास्ती बाळगणारा माणूस असाच खोदून खोदून विचारतो.

आता शेक्सपिअरचा सहावा हेन्री पाहा. टॉटनची लढाई चालू आहे आणि राजा एका उंचवट्यावर बसून, आपण मेंढपाळ असतो तर किती बरे झाले असते, असे मनोराज्य करतो आहे. तेवढ्यात नकळत बापाला मारलेला मुलगा येतो, मागोमाग नकळत मुलाला मारलेला बाप. राजाची विरक्ती प्रजेला काय भावात पडली, ते रंगमंचावर मांडून ठेवले आहे. हेन्रीवर हा अन्याय नाही का? इतिहासात 1422 साली तो गादीवर आला तेव्हा अवघा नऊ महिन्यांचा होता. त्याला विचारले होते कोणी? त्याची कणव मलाही येते. पण नाटकात सुटकेची एक वाट त्याच्यासमोर येते. गादीवर हक्क सांगणारा यॉर्क राज्य मागतो, तेव्हा हेन्री कबूल करतो काय? आपण जिवंत असेपर्यंत मुकुट आपल्याच डोक्यावर, नंतर तो यॉर्ककडे, आणि स्वतःचा मुलगा मात्र वारशातून बाद. म्हणजे राज्य त्याला चालवायचे नाही आणि सोडायचेही नाही. मधल्या पोकळीत कारभार राणी आणि सरदारांच्या हाती जातो.

सर्वांत अवघड आक्षेप हा, की अनिच्छेचे सोंगही आणता येते. वाल्मीकींनी हा संशय प्रत्यक्ष रामाच्या मनात घातला आहे. वनवासातून परत येताना राम हनुमानाला पुढे पाठवतो आणि बातमी ऐकून भरताचा चेहरा कसा होतो ते नीट पाहायला सांगतो. वडिलोपार्जित समृद्ध राज्य कोणाचे मन फिरवणार नाही, असे तो म्हणतो. गीतरामायण 1955 मध्ये आकाशवाणीवरून घरोघरी पोचले, आणि चित्रकूटावरची भेट व त्या पादुका मराठी मनात कायमच्या बसल्या. त्या मानाने नंदिग्रामातला कारभार आपल्याला आठवत नाही. भरत वल्कले नेसून बसला होता खरा, पण राज्य वाऱ्यावर सोडून नव्हे. प्रत्येक काम तो आधी पादुकांना निवेदन करी, मग पार पाडी. चौदा वर्षांची मुदत संपताच तू आला नाहीस तर अग्नीत प्रवेश करीन, असे त्याने रामाला आधीच बजावले होते. राम परतल्यावर त्याने राज्य हवाली केले आणि सांगितले: खजिना, कोठार, नगर, सैन्य तपासून पाहा, सगळे दसपट झाले आहे. रामाचा संशय फिटायला भरताची वल्कले आणि जटा पुरेशा झाल्या असतील. अयोध्येच्या प्रजेला मात्र कोठार मोजून दाखवायला हवे होते, आणि भरताने ते कोणी मागण्याआधीच उघडून दिले.