अखंड चालणारे यंत्र



आपल्या हुबळी-धारवाडच्या मैफलीत गायकामागे दोन तंबोरे असतात. एकाची तार तुटली तरी दुसरा सूर धरून ठेवतो. बिघाड सोसून चालणाऱ्या संगणकाचे तत्त्व असेच आहे. 1994 साली मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार पडद्यावर सुरू झाले, ते स्ट्रेटस कंपनीच्या अशा यंत्रांवर. या रचनेत एका बोर्डावरील दोन प्रोसेसर एकच गणित करतात. उत्तरे जुळली नाहीत तर तो बोर्ड आपणहून बाजूला होतो आणि जोडीचा बोर्ड काम चालू ठेवतो. आज्ञावलीला त्याची जाणीवही होत नाही. क्लस्टरमध्ये मात्र एक संगणक बंद पडल्यावर दुसरा त्याची जागा घेतो; त्यात वेळ जातो आणि अर्धवट व्यवहार सावरण्याचा भार आज्ञावलीवर पडतो.

तरीही जोडी म्हणजे अभय नव्हे. आज्ञावलीच चुकीची असेल, तर दोन्ही प्रोसेसर तीच चूक एकमताने करतील. 24 फेब्रुवारी 2021 रोजी याच बाजाराचे व्यवहार काही तास थांबले. निमित्त दूरसंचार जोडण्यांतील बिघाडाचे होते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी मला सांगत, ‘ताळा निराळ्या रीतीने कर.’ त्या सांगण्याचा अर्थ मला या यंत्रांनी उलगडून दाखविला. त्यांच्या स्मृतीस माझे वंदन.