अनारशांचे वेळापत्रक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कामाचे वेळापत्रक संगणकावर कसे मांडावे, या विषयावर मी दोन शब्द बोलावेत असे कार्यकारिणीत ठरले, तेव्हा घरी सगळे पोट धरून हसले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. संगणकाशी माझा संबंध म्हणजे मुलीच्या लॅपटॉपवरची धूळ पुसणे, एवढाच. तरी मी होकार दिला. २०२४ च्या दिवाळीत आपल्या फराळाचे काय झाले ते इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ते का झाले, हे मात्र मलाही पुढे कित्येक महिने कळले नव्हते. ते कळले या सॉफ्टवेअरमुळे, आणि ते मी चारचौघींसमोर सांगायला हवे.

त्या वर्षी आपल्याकडे चौसष्ट डब्यांची मागणी होती. वसुबारस २८ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी सकाळी डबे घरोघर पोचवू, असे आपण कबूल केले होते. पोचले ३० तारखेला, आणि तेही अनारशांवाचून. तुपात सोडला की अनारसा हसत होता. जाळी पडायची दूरच, कढईत नुसता चुरा तरंगत होता. डब्यामागे एकशेवीस रुपये, म्हणजे एकंदर ७,६८० रुपये आपण परत केले. पैसे गेले ते गेले. पण अनारसे ज्या काकूंकडे सोपवले होते, त्यांना आपण जे बोललो ते कसे परत घेणार? "झेपत नव्हते तर अंगावर घ्यायचे कशाला," असे भर सभेत म्हटले गेले. ते म्हणणाऱ्यांत मी होते, आणि माझा आवाज काही लहान नव्हता. काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून त्यांनी मंडळात येणे सोडले.

आता सॉफ्टवेअरकडे वळते. माझी मुलगी बांधकामाचा डिप्लोमा करते. इमारतीचा पाया कधी, भिंती कधी, स्लॅब कधी, हे एका तक्त्यावर मांडायला त्यांना शिकवतात. डावीकडे कामांची यादी, वर तारखा, आणि प्रत्येक कामापुढे जितके दिवस तितकी लांब आडवी पट्टी. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअराच्या नावाने हा तक्ता ओळखला जातो. हे गृहस्थ १९१९ साली वारले, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यांच्याही आधी, १८९६ साली, पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांनी असाच तक्ता केला होता. पण त्यांनी लिहिले पोलिश आणि रशियन भाषांत, त्यामुळे बाहेर कोणाला फारसे कळले नाही. मला त्यांच्याबद्दल उगीच आपुलकी वाटते.

अशा तक्त्यांचे नावाजलेले सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. मुलीने मला गँटप्रोजेक्ट हे घालून दिले. ते २००३ पासून फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. पाट्या इंग्रजीत होत्या, पण कामांची नावे मराठीत लिहिता येतात. इंग्रजी शब्द मला आठ-दहाच लागले. ते मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले.

गेल्या श्रावणात दुपारची कामे आटोपली की मी बसू लागले. पहिल्या दिवशी मी एकच काम लिहिले, "फराळ", आणि त्यापुढे पंधरा दिवस. पंधरा दिवसांची एक लांबलचक पट्टी आली. तिच्याकडे बघून कळण्यासारखे काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला गेले. भांडी काढणे, भांडी पुसणे, गॅसची टाकी बदलणे असे करत यादी शंभराच्या वर गेली, आणि तीत माझे मलाच काही सापडेना. शेवटी एक मोजमाप हाती लागले. काम एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाते, किंवा पदार्थ नुसता ठेवून वाट बघायची असते, तिथे तोडायचे. तांदूळ आणणे हे एक काम, भिजणे हे दुसरे, वाळवून दळणे तिसरे. असे केल्यावर सगळा फराळ बत्तीस ओळींत बसला. तेव्हा नवशिक्या बहिणींनी आधी ही यादी कागदावर करावी. लॅपटॉप उघडायची घाई करू नये.

माझी दुसरी चूक अशी, की प्रत्येक कामाला मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तारीख घातली. मुलगी म्हणाली, "आई, तारीख तू सांगू नकोस. किती दिवस लागतात आणि कशाच्या नंतर, एवढेच सांग." म्हणजे एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर माऊसने ओढत न्यायचे, की मध्ये बाण येतो. भिजल्यावर दळणे, दळल्यावर मळणे, अशी साखळी होते. मग तांदूळ आणायला एक दिवस उशीर झाला असे लिहिले, तर पुढच्या साऱ्या पट्ट्या आपोआप एक एक दिवस पुढे सरकतात. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा खरे सांगते, माझ्या पोटात धस्स झाले. एवढे दिवस आपण "एका दिवसाने काय होते" असे म्हणत आलो होतो.

एक गंमतही झाली. तांदूळ भिजायला मी तीन दिवस लिहिले, तर पट्टी शुक्रवारी सुरू होऊन मंगळवारी संपली. म्हणजे पाच दिवस पाण्यात! तांदळाला किडेच पडायचे. शोधाशोध केल्यावर उलगडा झाला, की सॉफ्टवेअर शनिवार-रविवार कचेरीची सुट्टी धरते. शनिवारी तांदूळ भिजायचे थांबतात आणि सोमवारी कामावर रुजू होतात, असा त्याचा समज. ही सुट्टी कॅलेंडरच्या पानावरून काढून टाकता येते. बायकांच्या कामाचा तक्ता करायचा तर ती आधी काढावीच लागते.

आता मुख्य गोष्ट. त्यात एक बटण आहे. ते दाबले, की ज्या कामांना एका दिवसाचीही सवड नाही तेवढ्याच पट्ट्या निराळ्या खुणेने दिसतात. अशी साखळी काढण्याची रीत १९५७ साली अमेरिकेत डु पाँट कंपनीच्या कारखान्यांच्या कामासाठी रेमिंग्टन रँड कंपनीच्या मदतीने बसवली गेली. तेव्हा त्याला खोलीभर संगणक लागत असे. आपण आजवर जीव टाकत आलो तो चकलीवर. भाजणी बरोबर झाली ना, चकल्या मऊ पडणार नाहीत ना. मीही मनात धरले होते, की खूण चकलीवरच येणार. बटण दाबले, तर चकलीला पाच दिवसांची सवड निघाली. खूण आली ती सगळी अनारशांवर. तुम्हीच हिशेब करा. सामान आणायला एक दिवस. रोज पाणी बदलून भिजवायला तीन. निथळून, फडक्यावर सावलीत वाळवून, दळून चाळायला एक. गूळ घालून मळलेले पीठ पिकायला निदान पाच. चारशे-पाचशे अनारसे खसखशीवर थापून तळायला दोन, आणि डबे भरायला एक. झाले तेरा दिवस. यातला एकही दिवस कोणी कितीही राबले तरी वाचत नाही. पीठ पिकायचे ते आपल्या वेळेने पिकते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी त्याच तक्त्यात २०२४ च्या तारखा घातल्या. तांदूळ आणले २१ ऑक्टोबरला. तिथून बाण आपोआप चालत गेले, आणि डबे भरण्याची पट्टी जाऊन थांबली २ नोव्हेंबरवर, पाडव्याच्या दिवशी. म्हणजे सगळे बिनचूक झाले असते, तरी वसुबारसेला डबे जाणे शक्यच नव्हते. आपण रोज तगादा लावला म्हणून काकूंनी तीन दिवसांचेच पीठ तुपात सोडले, आणि ते हसले. मग तांदूळ २१ तारखेला का आले? तर मागणीची यादी २० तारखेच्या रात्रीपर्यंत बंद झाली नव्हती. आणखी आठ डबे मिळत होते, म्हणून ती उघडी ठेवली होती. यादी कोणाकडे होती? माझ्याकडे.

दुपारी लॅपटॉप पदराखाली धरून मी काकूंकडे गेले. पाऊस होता. त्यांनी आत घेतले, चहा ठेवला. मी पडद्यावरच्या पट्ट्या दाखवल्या, कोणाची चूक ते सांगितले, आणि पाया पडले. त्यांनी चष्मा लावून सगळे शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाल्या, "अगं, हे मी तुला तेव्हाच म्हटले होते. दसऱ्याच्या आत यादी दे म्हणून दोनदा सांगितले. तू म्हणालीस, बघू." मला ते आठवतही नव्हते. थोड्या वेळाने त्यांनीच बोट ठेवून विचारले, "हे तीन दिवस पाणी बदलायचे लिहिलेस, पण बदलणार कोण? इथे कोणाचे नाव नाही." सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला माणूस नेमण्याची सोय असते. ती मी सोडून दिली होती. त्याच बैठकीत आम्ही दोघींनी बत्तीसही ओळींना नावे घातली.

नावे घालताना मी दोन शेगड्यांचीही नावे घातली, माणसांसारखी. त्याचा फार उपयोग झाला. सॉफ्टवेअरची खोड अशी, की कोणत्याही कामाला जितक्या लवकर ढकलता येईल तितके ते ढकलते. सामान आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने शेव, शंकरपाळे, चिवडा आणि लाडवांचे बेसन भाजणे अशी चारही कामे लावून टाकली होती. शेगड्यांच्या पानावर तो दिवस लाल झाला. चार कामे दोन शेगड्यांवर कशी होणार? शिवाय शेव बारा दिवस आधी तळून ठेवायची म्हणजे तेलकट वास ठरलेला. ही अक्कल सॉफ्टवेअरला नाही, ती आपण घालायची. ज्या कामाला "या तारखेच्या आधी नको" असे सांगायचे, तिथे तशी तारीख लिहिता येते. चिवडा आणि शेव मी शेवटाकडे नेली, शंकरपाळे मध्ये घेतले. चकलीला सवड होतीच. ती अनारशांच्या वाटेतून दोन दिवस अलीकडे घेतली.

२०२५ ची वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. शेवटाकडून मागे मोजत जाणे मला या सॉफ्टवेअरमध्ये जमले नाही. म्हणून सुरुवातीची तारीख सरकवून बघत गेले. कोजागिरीला, म्हणजे ६ तारखेला सामान आणावे तर डबे जात होते १९ ला. दोन दिवस अलीकडे घेतले. सामान ४ तारखेला, आणि त्यासाठी यादी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला बंद. रात्री आठनंतर चौघींचे फोन आले. मी नाही म्हटले. त्यातली एक माझी सख्खी नणंद होती.

तक्त्याचा कागद छापून मंडळाच्या दारावर चिकटवला, कारण वीज गेली तर लॅपटॉप काय कामाचा. तांदूळ दळायचे होते बुधवारी, ८ तारखेला. नेमके त्या दिवशी आभाळ भरून आले आणि तांदूळ संध्याकाळपर्यंत ओलसरच राहिले. गिरणीवाल्यांनी सांगितले, असे ओले जात्यात घालणार नाही. उद्या दळू म्हणावे, तर गुरुवारी गिरणी बंद, म्हणजे एक नव्हे, दोन दिवस गेले. एरवी आपण "शुक्रवारी दळू" म्हणून घरी गेलो असतो. त्या दिवशी कोणी गेले नाही. सात किलो तांदूळ सहा घरांत वाटले, सहा घरचे मिक्सर लावले, आणि रात्री साडेदहाला काकूंच्या ओट्यावर चाळलेले पीठ जमा झाले. एक मिक्सर जळाला. त्याचे पैसे मंडळाने दिले, ते जमाखर्चात दिसतील.

डबे अठ्ठावन्न होते. १७ तारखेला सकाळी अकराच्या आत सगळे गेले. करंज्या थोड्या फुटल्या, लाडू जरा घट्ट वळले गेले, त्या तक्रारी आल्या आहेत. अनारशांची आली नाही.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी मंगळवारी तीन वाजता मंडळात यावे. लॅपटॉप मी आणीन. येताना आपले कोणतेही एक काम, घरचे लग्न म्हणा, मुंज म्हणा, घराची रंगरंगोटी म्हणा, कागदावर तोडून आणावे, आणि प्रत्येक ओळीपुढे किती दिवस ते लिहावे. यंदाच्या दिवाळीच्या मागण्याही आताच विचारल्या जात आहेत. ती यादी यंदा माझ्याकडे नाही, काकूंकडे आहे. आठ डबे वाढवून घ्या असे त्यांना कोणी सांगायला जाणार असेल, तर तिने खुशाल जावे. मी बरोबर येणार नाही.