परतणाऱ्याला दार कोणी उघडायचे?

(उपवासकाळातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उपवासकाळ लागला की लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आपल्या प्रवचनांत हमखास येतो. उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. वाटणी मागून गेलेला धाकटा, दूर देशातली उधळपट्टी, दुष्काळ, डुकरे राखायची वेळ, मग परतीची वाट आणि धावत येऊन गळ्यात पडणारा बाप. पण दाखला तिथे संपत नाही. शेवटचा भाग शेतावरून आलेल्या थोरल्या मुलाचा आहे. आत मेजवानी चालली आहे आणि तो उंबऱ्याबाहेर रागावून उभा आहे. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. पुढे तो आत गेला का, हे प्रभू येशूने सांगितलेले नाही.

श्रद्धेपासून दुरावलेला माणूस देवाकडे परत कसा येतो, हा प्रश्न आपण नेहमी त्या दुरावलेल्या माणसालाच विचारतो. मला तो आज घरात राहिलेल्यांना विचारायचा आहे. देव क्षमा करतो, याविषयी आपल्यात वाद नाही. पण ती क्षमा परतणाऱ्या माणसापर्यंत पोहोचते ती बहुतेक वेळा आपल्यासारख्या माणसांच्या हातून. आणि तिथेच ती अडते.

हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. त्यासाठी आपल्याला तिसऱ्या शतकातल्या कार्थेजला जावे लागेल. आजच्या ट्युनिस शहरालगत, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले हे रोमन आफ्रिकेतले सर्वांत मोठे शहर. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी बराच काळ शांतता उपभोगली होती. आणि मग २४९ च्या अखेरीस सम्राट डेशियसचे फर्मान निघाले : साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांपुढे यज्ञबली द्यावा, बलीचे मांस चाखावे आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकून राहिले आहेत. अर्जदार त्यात लिहितो की मी आजवर देवतांना बली देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर दिला आहे, तरी प्रमाणित करावे. खाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या.

नकार देणाऱ्याला तुरुंग, छळ, हद्दपारी, मालमत्तेची जप्ती. रोमचे बिशप फेबियन २५० च्या जानेवारीतच हुतात्मा झाले. पण कार्थेजमध्ये सगळेच फेबियन नव्हते. तिथले बिशप सिप्रियन यांनी पुढे ‘पतितांविषयी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी जे वर्णन केले आहे ते वाचताना आजही जीव कासावीस होतो. लोकांना कुणी ओढून नेण्याआधीच ते आपण होऊन चौकाकडे धावले. आईबापांनी कडेवरची लेकरे नेली. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या असे सांगत होते, तर लोक आजच उरकून घ्या म्हणून विनवत होते.

असे का झाले? सिप्रियन यांचे निदान मला अतिशय मोलाचे वाटते. छळ आला म्हणून लोक दूर गेले, असे ते म्हणत नाहीत. दीर्घ शांततेच्या काळात प्रत्येक जण आपली मिळकत वाढवण्यात गुंतला, धर्मगुरूंची भक्ती आटली, दयेची कामे मागे पडली. कसोटीचा दिवस उजाडला तेव्हा आत आधीच पोकळी होती. बंधूंनो, माणूस देवाला एका दिवसात सोडत नाही. एक रविवार हुकतो, मग दोन. रात्रीची प्रार्थना उद्यावर जाते. कुणाशी बिनसते म्हणून मंडळीत जाणे थांबते. त्यातला एकही दिवस असा नसतो की त्याने ठरवून श्रद्धा सोडली. म्हणूनच अशा माणसाला परतायचे कुठून हेच कळत नाही.

वर्षभरात छळ ओसरला आणि पडलेले लोक परत येऊ लागले. त्यांना प्रभुभोजनाच्या मेजाशी पुन्हा बसायचे होते. आता काय करायचे? तुरुंगात छळ सोसून ठाम राहिलेले साक्षीदार होते. त्यांचा मान मोठा. त्यांच्यापैकी काहींनी शिफारसपत्रे द्यायला सुरुवात केली. एका पत्रात तर फलाण्याला त्याच्या सगळ्या परिवारासह घ्यावे एवढेच. त्या परिवारात किती माणसे, त्यांनी काय केले, त्यांना पश्चात्ताप आहे का, याचा पत्ता नाही. दुसऱ्या टोकाला रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू उभा राहिला. ज्यांनी ख्रिस्ताला नाकारले त्यांना ख्रिस्तसभेने कधीही परत घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. बिशप कॉर्नेलियस यांच्याविरुद्ध तो स्वतः बिशप झाला आणि सभेत फूट पडली.

या दोन टोकांच्या मधून सिप्रियन यांना वाट काढायची होती. छळाच्या काळात ते स्वतः लपून राहिले होते आणि तिथूनच पत्रांनी मंडळी सांभाळत होते. त्यासाठी त्यांच्यावर टीकाही झाली होती. २५१ च्या वसंतात ते परतले. त्या वर्षी कार्थेजला आफ्रिकेतल्या बिशपांची परिषद भरली आणि तिने ठरवले की प्रत्येकाचे प्रकरण वेगळे पाहायचे. लाच देऊन नुसता दाखला मिळवलेला एक, छळाखाली मोडलेला दुसरा, हसत जाऊन बली दिलेला तिसरा. बायकामुलांना वाचवायला एकटा गेलेला बाप आणि बायकामुलांना ओढत नेणारा बाप एका मापाने मोजता येत नाहीत. दाखलेवाल्यांना चौकशीनंतर घ्यावे. प्रत्यक्ष बली दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, आणि मरणाच्या दारात असतील तर त्यांना शांती नाकारू नये. पुढे दोनच वर्षांत, नव्या छळाची चाहूल लागताच, प्रायश्चित्तात असलेल्या सगळ्यांनाच परत घेण्याचा निर्णय झाला. कारण सरळ होते. उद्या ज्यांना मरणाला सामोरे जायचे आहे त्यांना ख्रिस्ताच्या देहरक्ताचे बळ न देता कसे पाठवायचे?

हा निर्णय ढिलाईचा होता असे कुणी म्हणेल. पण सिप्रियन यांच्या पत्रव्यवहारात फेलिक्स, त्याची पत्नी व्हिक्टोरिया आणि ल्यूसियस या तिघांची हकिकत आहे. त्यांनी आधी बली दिला होता. पुन्हा कसोटी आली तेव्हा ते ठाम राहिले, सर्वस्व गमावून हद्दपार झाले. एकदा पडलेला माणूस कायमचा पडलेला नसतो, हे त्या मंडळीने डोळ्यांनी पाहिले. आणि लपून बसले म्हणून ज्यांना बोल लावला गेला ते सिप्रियन? १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजजवळ त्यांचा शिरच्छेद झाला. मरण समोर दिसत असताना ते मागे हटले नाहीत.

नोव्हेशियनच्या पंथाचे काय झाले? तो काही शतके टिकला. त्यांची राहणी कडक होती, पुष्कळ जण प्रामाणिक होते. इतिहासकार सोक्रातेस सांगतो की ३२५ च्या निकेया परिषदेच्या वेळी त्यांच्या अकेसियस नावाच्या बिशपाला सम्राट कॉन्स्टंटाइनने म्हटले, तू आपली शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ. शुद्ध लोकांचे घर हळूहळू रिकामे होत जाते, कारण शुद्धतेच्या त्या कसोटीला शेवटी घरातलेही उतरत नाहीत.

आता त्याच भूमीत शे-सव्वाशे वर्षे पुढे येऊ. ३८३ साली कार्थेजच्या बंदराजवळ सिप्रियन यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या प्रार्थनामंदिरात एक आई रात्रभर रडत प्रार्थना करत होती. तिचे नाव मोनिका. तिचा मुलगा ऑगस्टीन तिला खोटे सांगून त्याच रात्री जहाजात बसला आणि रोमला निघून गेला. परतणाऱ्यांसाठी झगडलेल्या बिशपाच्या मंदिरात, गेलेल्या मुलासाठी एका आईने घालवलेली ती रात्र मला फार अर्थपूर्ण वाटते.

ऑगस्टीनचे दुरावणे वेगळे होते. त्याला कुणी छळले नव्हते. जन्मल्याबरोबर त्याच्यावर क्रुसाची खूण झाली होती, ख्रिस्ताचे नाव त्याने आईच्या दुधाबरोबर घेतले होते. पण शिकून हुशार झाल्यावर त्याला बायबलची भाषा सिसेरोच्या लॅटिनपुढे गावंढळ वाटली. जगात वाईट का, या प्रश्नाचे सोपे उत्तर मानी नावाच्या गुरूच्या पंथाने दिले म्हणून तो सुमारे नऊ वर्षे त्यांच्यात राहिला. तिथली उत्तरे फोल निघाल्यावर कशावरच विश्वास बसेना. आपल्या घरांतली शिकलेली मुले आज याच वाटेने जातात. त्यांचे प्रश्न खरे असतात. ते प्रश्न दडपून टाकल्याने कुणी परत आलेले नाही.

इथे मोनिकाने काय केले ते नीट पाहायला हवे. मुलगा मानी पंथाचा झाला हे कळल्यावर तिने प्रथम त्याला आपल्या घरात, आपल्या जेवणाच्या मेजावर जागा नाकारली. मग तिला एक स्वप्न पडले. त्यात तिला आश्वासन मिळाले की तू जिथे आहेस तिथेच तोही असेल. त्यानंतर तिने त्याला घरात घेतले आणि त्याच्यासोबत जेवू लागली. तो बदलला होता का? मुळीच नाही. त्याच्या बाप्तिस्म्याला अजून कित्येक वर्षे होती. तिने आपली श्रद्धा लपवली नाही, त्याची मते बरोबर आहेत असेही ती म्हणाली नाही. पण त्याच्या ताटाला तिने अट घातली नाही. एका बिशपाकडे जाऊन, माझ्या मुलाशी वाद घाला म्हणून तिने गळ घातली, तेव्हा त्यानेही वाद नाकारला आणि प्रार्थना करत राहायला सांगितले.

रोमहून ऑगस्टीन मिलानला गेला तेव्हा तिथले बिशप अँब्रोज यांनी त्याला बापासारखे स्वीकारले. तो त्यांच्या प्रवचनाला जायचा तो वक्तृत्व ऐकायला. हेतू शुद्ध नव्हता. भाषा ऐकता ऐकता आशय आत उतरला. आणि उधळ्या पुत्राचा तरी हेतू कुठे शुद्ध होता? तो भुकेने परतला. घरी चाकरांनाही पोटभर मिळते, हा त्याचा पहिला विचार. बापाने हेतूची तपासणी केली नाही. ३८६ साली मिलानच्या बागेत ऑगस्टीनची घुसमट संपली, तेव्हा मित्र अलिपियस शेजारी होता. रोमकरांस पत्र उघडून वाचलेला मजकूर त्याने आधी अलिपियसला दाखवला आणि मग दोघे मिळून आत, तोवर मिलानला आलेल्या आईकडे गेले. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी ऑस्तिया बंदरात मोनिका वारली. आईचा सण २७ ऑगस्टला आणि मुलाचा २८ ला येतो. ख्रिस्तसभेने दोघांना एकमेकांशेजारी ठेवले आहे.

या दोन हकिकतींतून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट, कार्थेजच्या परिषदेने केले तसे माणूस आणि माणूस वेगळा पाहायचा. नोकरीसाठी पुण्याला किंवा आखातात गेलेल्या ज्या मुलाचा रविवार नुसती सुट्टी झाला, त्याला एक फोन पुरतो. आजारी लेकरासाठी प्रार्थना करूनही ज्यांना ते गमवावे लागले, त्यांच्याशी धर्मशास्त्र बोलू नये. शेजारी बसावे, पुन्हा पुन्हा जावे. मोडलेल्या संसारामुळे लाजून दूर राहिलेल्या बाईला आपल्या कुजबुजीने बाहेर ठेवले आहे, तर ती कुजबुज आपण थांबवायची. आणि ज्याला सभेतल्याच कुणी दुखावले, फसवले, ज्याच्यावर अत्याचार केला, त्याला परत ये म्हणण्याचा अधिकार आपल्याला लगेच मिळत नाही. तिथे आधी सत्य मान्य करावे लागते, न्याय करावा लागतो, क्षमा आपण मागायची असते.

दुसरी गोष्ट, दार उघडणे म्हणजे काही घडलेच नाही असे भासवणे नव्हे. सरसकट शिफारसपत्रे सिप्रियन यांनी मानली नाहीत, कारण जखम न पाहता बांधलेली पट्टी आत पू धरते. पापनिवेदन, प्रायश्चित्त, मंडळीपुढे किंवा देवापुढे खरे बोलणे, ही परतणाऱ्याला दिलेली शिक्षा नाही. आपले ओझे कुठेतरी खाली ठेवता यावे म्हणून केलेली ती सोय आहे. मात्र ती सोय मेजवानीकडे नेणारी हवी. चौकशीच प्रेमाच्या जागी बसली की नोव्हेशियनची शिडी आपल्या देवळाला लागलीच म्हणून समजा.

घरातल्या माझ्या बंधुभगिनींनो, या उपवासकाळात मांसाहार सोडण्याबरोबर एक काम करा. गेल्या काही वर्षांत तुमच्या धर्मग्रामातून, तुमच्या मंडळीतून जो दिसेनासा झाला, त्याच्या घरी जा. इतके दिवस कुठे होतास, हे विचारू नका. कसा आहेस, हे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

आणि जे आज दूर आहेत, कदाचित कुणाच्या आग्रहाखातर या सभागृहात मागच्या रांगेत येऊन बसले आहेत, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. आधी जीवन सुधारू, शंका मिटवू आणि मग देवाकडे जाऊ, असे ठरवू नका. त्या क्रमाने फारसे कुणी पोहोचलेले नाही. विश्वास अर्धा असेल तर अर्धा घेऊन या. प्रश्न असतील तर ते मोठ्याने विचारा. देवावर राग असेल तर तोही प्रार्थनेत त्याला सांगा. येत्या रविवारी मिस्साला या, उपासनेला या. तुमची जागा राखणे आणि तुम्ही आल्यावर तुम्हांला परके वाटू न देणे, ही जबाबदारी आमची आहे, आणि तिचा हिशेब देव आमच्याकडे मागणार आहे.