आधी जाहिरात, मग करार



मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात एखाद्या कक्षाची डागडुजी निघाली, की तिचा खर्च महापालिकेच्या खजिन्यातून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतूनच होतो.

मग तो मक्ता द्यावा कोणाला?

केवळ हुजुरांच्या मर्जीवर ही बाब सोडू नये, म्हणून १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने, कलम ७२ अन्वये, मोठ्या कामाच्या निविदा वृत्तपत्रांतून जाहीरपणे मागविण्याचे बंधन घातले.

आधी जाहिरात...
मग करार.

सर्वांत कमी दराचीच निविदा स्वीकारावी, असे मात्र कायदा म्हणत नाही. सर्व परिस्थिती पाहता जी हितावह, ती आयुक्तांनी घ्यावी. ही मुभा शहाणपणाची खरी. कारण निम्म्या दरात काम पत्करणारा मक्तेदार सिमेंटमध्येच हात आखडता घेतो. पण वशिल्याची वाटही तेथूनच जाते.

आणि नंतरच्या तपासणीवर तरी विसंबावे कसे? २०१६ साली मुंबईतील रस्त्यांच्या कामांतील गैरव्यवहार उघडकीस आला, तेव्हा त्या कामांची तपासणी ज्यांच्याकडे सोपविली होती, त्या त्रयस्थ लेखापरीक्षकांनाही अटक झाली!

पुन्हा सांगतो...
आधी जाहिरात, मग करार.

आणि करारानंतरही, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून, कोणी किती दर भरला होता, हे आपणांस विचारता येते.