छोट्या पोटाचा मोठा हिशोब

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. लोकांच्या कर्जाबद्दल आणि ठेवींबद्दल पुष्कळ बोललो; स्वतःच्या पोटाबद्दल बोलायची वेळ आज प्रथमच आली आहे.

सात वर्षांपूर्वी माझं एक ऑपरेशन झालं. तुम्हा सगळ्यांना मी 'हर्निया' असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. ते वजन कमी करण्याचं ऑपरेशन होतं. वजन ११८ किलो, मधुमेह, रक्तदाब, आणि लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यावरच धाप. तरीही लाज वाटली. 'तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं' असं कोणी म्हणेल, ही भीती.

आज खरं सांगतोय त्याला कारण आहे. आपल्याच सोसायटीतल्या एका तरुणाचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन आहे. नाव त्याचं तोच सांगेल. पण "काका, लोकांना आधी समजावून ठेवा," असं त्यानेच मला सांगितलं आहे.

माझ्या ऑपरेशनला 'स्लीव्ह' म्हणतात. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची एक नळी. तिला आतून टाके असतात, ते भरून यायला वेळ लागतो. सुरुवातीला तिच्यात अर्धी-पाऊण वाटीच मावते. म्हणून खाणं पायरीपायरीने वाढवायचं. माझं वेळापत्रक असं होतं: पहिले दोन दिवस पाणी आणि गाळलेलं सूप, घोट घोट. मग दोन आठवडे पातळ पदार्थ: बिनसाखरेचं दूध, ताक, गाळलेलं मुगाचं कढण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं मऊ. पाचव्या-सहाव्यात कुस्करलेलं पनीर, मऊ भुर्जी, शिजवलेला दुधी. नेहमीचं जेवण त्यानंतर. प्रत्येक डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. आपल्या डॉक्टरांचं तेच पाळायचं.

आमच्या घरी आजारी माणूस म्हणजे मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार. सौ.ने तेच ठरवलं होतं. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काकू, भात राहू द्या. आणि वरणाचं वरचं पाणी नको, खालची डाळ घोटून द्या." कारण रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात, अशक्तपणा येतो. आता एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. जागा अर्ध्या वाटीची आणि गाठायचे ६०! डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर दुधात घातल्याशिवाय माझी बेरीज जुळत नसे. मी मनाशी म्हटलं, तिजोरी लहान झाली की मोठ्या नोटा आधी ठेवायच्या, चिल्लर नंतर. डाळ, दही, पनीर, अंडं आधी, मग भाजी, भात-पोळी शेवटी, जागा उरली तर.

पाण्याचंही तसंच. दिवसाला दीड लिटर तरी हवं, पण गटागटा नाही आणि जेवताना तर नाहीच. जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. सोडा आणि शीतपेयं बंद.

आता माझी चूक सांगतो. ऑपरेशनला अठरा दिवस झाले होते आणि गणेशचतुर्थी आली. आरतीला खाली उतरलो. एका वहिनींनी मायेने उकडीचा मोदक हातावर ठेवला. त्यांना बिचाऱ्यांना 'हर्निया' ठाऊक. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. दोन घासांत खाल्ला. दहा मिनिटांत छातीत गच्च दाटून आलं, दरदरून घाम फुटला, हृदय धडधडायला लागलं. रात्रभर उलट्या. पाण्याचा घोटही टिकेना. पहाटे दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "टाके उसवले असते तर?" सौ. कोपऱ्यात उभी राहून रडत होती. दोष त्या वहिनींचा मुळीच नव्हता. दोष माझ्या लपवण्याचा होता.

घरी आल्यावर दुसरी अडचण. चाळीस वर्षं जिने पोटभर जेवू घातलं, तिच्यासमोर मी चार चमचे खाऊन ताट सारायचो. एक दिवस ती म्हणाली, "अहो, माझ्या हातचं नकोसं झालंय का तुम्हाला?" मला काय उत्तर द्यावं सुचेना. संध्याकाळी तिनेच देवघरातली नैवेद्याची चांदीची वाटी आणली, नातवाचा छोटा चमचा आणला आणि म्हणाली, "आता यात वाढते. वाटी रिकामी झालेली मला दिसली पाहिजे." तेव्हापासून मी त्याच वाटीत जेवतो. वीस मिनिटं लावून, एकेक घास पार बारीक चावून. ती समोर बसते. वाटी रिकामी होते. दोघंही समाधानी.

एक लक्षात ठेवा, हे काम सहा आठवड्यांत संपत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. मधुमेहाची औषधं डॉक्टरांना विचारूनच कमी करायची. दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. तीन-चार महिन्यांनी केस गळतात. बहुधा परत येतात. माझे आधीच गेलेले होते, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. आज वजन ८७ आहे, इन्सुलिन बंद आहे, आणि लिफ्ट बंद असली तरी चौथ्या मजल्यावर मी चढून जातो.

शेवटी एकच विनंती. आपली सोसायटी डबे पोचवणारी आहे. कोणाच्या घरी आजारपण आलं की चार घरांतून पातेली जातात, याचा मला अभिमान आहे. पण या मुलाकडे डबा नेण्याआधी त्याच्या आईला फोन करून विचारा, आज काय चालतं? कोजागिरीचं मसाला दूध त्याच्या हातात देऊ नका. "एवढंसंच?" असं म्हणू नका. "माझ्यासाठी एक तरी" असा आग्रह करू नका. काही न्यायचंच असेल तर वाटीभर घोटलेलं मुगाचं कढण न्या, बिनतिखटाचं. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे संध्याकाळी त्याला आवारात दोन फेऱ्या मारायला सोबत करा.

मी लपवलं, म्हणून तुम्ही मला मदत करू शकला नाहीत. त्याने सांगितलं आहे. आता पुढचं आपल्या हातात आहे.