परसातले पाहुणे



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाखरांवर मी काय व्याख्यान देणार? स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसते तेवढे सांगते.

दिवाळी सरली की पेरूच्या फांदीला टांगलेल्या थाळीत मी बाजरी आणि तांदळाची कणी घालते. खाली परळात पाणी. चिमण्या येतात, सांडलेले टिपायला होले येतात. साळुंक्या तर जावाजावांसारख्या भांडतात! पण धोबी थाळीकडे ढुंकूनही पाहत नाही. हा हिवाळ्याचा पाहुणा. हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, मार्च-एप्रिलात परततो. मोरीच्या पाण्याने भिजलेल्या मातीवर शेपटी खालीवर करीत तो किडे टिपतो. दयाळही पेरूखालच्या पाचोळ्यात किडेच शोधतो. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना भरवते किडे-अळ्याच.

फराळाचे उरलेले खारट-तळलेले मात्र थाळीत टाकू नका. थाळी आणि परळ रोज घासावी. घाणीतून पाखरांत रोग पसरतात.

आता आमच्या आळीत परसात फरशी घालायची टूम निघाली आहे. झाडायला सोपे, हे मला कबूल. केरसुणी माझ्याच हाती असते. तरी घरी मी स्पष्ट सांगितले, पेरूपासून मोरीपर्यंतची माती राहू द्या. बरीच बोलाचाली झाली. शेवटी मानले. गवंडी सोमवारी यायचा आहे. त्याला कळावे म्हणून मी तिथे विटांची ओळ मांडून ठेवली आहे. धोबी पाहायचा असेल तर सकाळी आठाला या, चहाही होईल.