चौथीचं मिशन

(मंडळाच्या मराठी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेलं भाषण)



आठवडाभर मी क्लायंटला पॉवरपॉइंट दाखवत असतो, पण मराठीत माइकसमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. शाळेच्या ताई म्हणाल्या, "सहलीबद्दल पाच मिनिटं बोल." म्हणून उभा आहे.

आपल्याकडे चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज, तर कॅलिफोर्नियात चौथीला स्पॅनिश मिशन. १७६९ ते १८२३ या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी सॅन डिएगोपासून सोनोमापर्यंत २१ मिशनं उभारली. आपण ज्या एल कमिनो रियालवर डोसा खायला जातो, ते नाव त्यांना जोडणाऱ्या रस्त्याचं. माझी लेक मिशनचं मॉडेल करायला फोमबोर्ड घेऊन बसली, तेव्हा मला आमच्या नाशिकच्या वाड्यातला दिवाळीचा किल्ला आठवला. म्हटलं, मराठी शाळेच्या सगळ्याच पोरांना खरं मिशन दाखवू या.

"मराठी शाळेची सहल, आणि चर्चला?" असं एक-दोघांनी विचारलंच. मी म्हटलं, अहो, आमच्या गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा पोर्तुगीज आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. चर्चची घंटा महादेवाला चालते, मग पोरांना चर्च का नाही चालणार? यावर कुणी काही बोललं नाही. पाच गाड्या, सतरा मुलं आणि डबाभर पुरणपोळ्या घेऊन आम्ही सॅन होजेच्या दक्षिणेला सॅन हुआन बाउतिस्ताला पोचलो.

हे मिशन १७९७ सालचं. आत ऐसपैस चर्च. पोरांना वेदीपेक्षा फरशी आवडली, कारण विटांच्या फरश्या उन्हात वाळत होत्या तेव्हा त्यांवरून जनावरं चालून गेली आणि त्यांच्या पंजांचे ठसे तसेच राहिले. अर्धा तास सगळी जमिनीवर रांगत होती! आमच्याबरोबर वसईच्या एक वहिनी होत्या. "आमच्याकडे चर्चमध्ये मिस्सा मराठीतच असतो," असं त्या म्हणाल्या, तर मुलांचा विश्वासच बसेना. मग त्यांनी फादर स्टीफन्सची गोष्ट सांगितली. इंग्लंडहून गोव्याला आलेला हा जेझुइट मराठी शिकला आणि त्याने ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं. ते छापलं गेलं १६१६ साली. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. खरं सांगतो, यातलं निम्मं मलाही नवीन होतं.

चर्चच्या भिंतीला लागून दफनभूमी आहे. चार हजारांहून जास्त मूळ रहिवासी तिथे पुरलेले आहेत. चर्च बांधणारे हात त्यांचेच. एकदा बाप्तिस्मा झाला की मिशन सोडून जायची परवानगी नसे. पळून गेलेल्यांना शिपाई धरून आणत. गोवरासारख्या साथींनी माणसं भराभर गेली. पोरं एकदम गप्प झाली.

या लोकांची भाषा मुत्सुन. इथल्या आरोयो दे ला क्वेस्ता नावाच्या पाद्र्याने ती शिकून तिचं व्याकरण आणि शब्दसंग्रह लिहून ठेवला. १८६१-६२ मध्ये ते न्यूयॉर्कला छापलंही गेलं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप चोख होता. पण मुत्सुन अस्खलित बोलणारी शेवटची बाई, असेन्सियोन सोलोर्सानो, १९३० साली वारली. त्याआधी शेवटच्या आजारपणात हॅरिंग्टन नावाचा भाषातज्ज्ञ तिच्या उशाशी बसून शब्द उतरवून घेत होता.

मी हे सांगितल्यावर माझ्या लेकीने विचारलं, "बट बाबा, त्या आजी मग कोणाशी बोलायच्या?"

मला उत्तर देता येईना. कारण हीच मुलगी नाशिकच्या आजीशी फोनवर "हाय आजी, आय ॲम गुड" म्हणते आणि फोन माझ्या हातात देते. आजीही मग म्हणते, "असू दे रे, अभ्यास असेल तिला." आणि मीही "हो" म्हणतो.

मुत्सुन वंशाच्या लोकांनी १९९० च्या दशकात त्याच कागदांवरून भाषा पुन्हा शिकायला सुरुवात केली. २०१६ साली त्यांचा शब्दकोशही निघाला. आजोबा-पणजोबांकडून नाही, कागदावरून शिकतायत बिचारे! आपल्याकडे आजी अजून फोनवर आहे.

गेल्या दिवाळीत लेकीने गॅरेजमध्ये किल्ला केला. ओल्या मातीवर तिने शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा पंजा उमटवून घेतला. "हे काय गं?" असं आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं आणि आमच्या बाईसाहेबांनी फरशीपासून मुत्सुन आजीपर्यंत सगळं सांगितलं. "ते लोक मेला," "मग भाषा पण मेला," असं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर बायकोने डोळे वटारले. वीस मिनिटं चाललं होतं.

असो. पुढची सहल फ्रीमाँटच्या मिशन सॅन होजेला. दोन गाड्या कमी पडतायत. ज्यांच्या मिनीव्हॅन आहेत त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटा.